अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

रात्री पावणेतीनला टेप ड्राइव्हच्या, म्हणजे डेटाची जादा प्रत चुंबकीय फितीवर लिहून ठेवणाऱ्या यंत्राच्या, डिस्प्लेवर ६ आला. बस, एवढंच. घंटा नाही, आरडाओरडा नाही. बॅकअपचा जॉब अर्ध्यात मेला होता, टेप पोटात धरून ड्राइव्ह गप्प बसला होता आणि समोर नखाएवढा तो सहाचा आकडा. मी त्या नोकरीत नवीन होते. मॅन्युअल उघडलं. ५ म्हणजे ड्राइव्हचं हार्डवेअर गेलं. ७ म्हणजे टेप खराब. आणि ६ म्हणजे ‘ड्राइव्ह किंवा टेप’.

मी ते तीनदा वाचलं. डॉक्टरांनी नाडी बघावी आणि सांगावं की आपल्या दोघांपैकी कुणीतरी एक आजारी आहे, तसं काहीसं ते होतं.

याच कामात वर्षं गेल्यावर कळलं, मॅन्युअल लिहिणाऱ्यानं आळस केला नव्हता. यंत्रालाच ते ठाऊक नसतं. ड्राइव्ह आणि सर्व्हर ज्या स्कझी भाषेत बोलतात, तिच्या नियमांतही हे लिहून ठेवलंय: ‘माध्यमात दोष’ हा कोड ड्राइव्ह तेव्हाही देऊ शकतो, जेव्हा दोष टेपचा की स्वतःचा हे त्याला ओळखता येत नाही. टेपअलर्ट म्हणून ६४ इशाऱ्यांची एक यादी असते. तिच्यातला पाचवा इशारा वाचन फसल्याचा. अर्थ काय, तर टेपला इजा झाली आहे किंवा ड्राइव्ह सदोष आहे. सहावा लेखन फसल्याचा. तिथेही टेप सदोष लॉटमधली आहे किंवा ड्राइव्ह सदोष आहे. ‘किंवा’ हे या धंद्याचं कुलदैवत म्हणायला हरकत नाही.

‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण ज्यानं केली, त्याची एका गोष्टीबद्दल पक्की खात्री होती: अंगण सरळच आहे आणि नाचणारी बहाणे करतेय. टेपच्या कामात ही सोय नाही. इथे अंगण कधी कधी खरंच वाकडं असतं. कधी वाकड्या अंगणात नाचून पाय मुरगळलेला असतो आणि मग पुढच्या सरळ अंगणातही लंगडणं सुरू होतं. आणि कधी नाचणाऱ्याच्या टाचेलाच खिळा असतो, तो जाईल तिथली जमीन उकरत जातो.

आत नेमकं काय चालतं ते बघितलं तर ही गफलत का होते हे पटतं. एलटीओ ही बॅकअपच्या टेपांची एक जात, तिच्या सहाव्या पिढीतली, म्हणजे एलटीओ-६ ची, एक टेप घ्या. रुंदी १२.६५ मिलिमीटर, लांबी ८४६ मीटर, जाडी साडेसहा मायक्रॉनच्याही आत, म्हणजे माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी. तेवढ्या रुंदीत २१७६ ट्रॅक. हेड एका वेळी १६ ट्रॅक लिहितं, म्हणजे पूर्ण टेप भरायला या टोकापासून त्या टोकापर्यंत १३६ फेऱ्या. हिशोब केला तर एक टेप भरेपर्यंत हेडखालून जवळपास ११५ किलोमीटर फीत सरकते. एवढ्या प्रवासात कुठे धुळीचा कण येणार नाही, कुठे लेप विरळ नसेल, असं होत नाही. म्हणून लिहिणाऱ्या हेडच्या मागोमाग वाचणारं हेड चालतं आणि आत्ताच लिहिलेलं लगेच तपासतं. पसंत पडलं नाही तर तोच मजकूर थोडं पुढे पुन्हा लिहिला जातो. शिवाय मजकुरात दुरुस्तीचे जादा आकडे आधीच विणलेले असतात, त्यामुळे काही भाग वाचता आला नाही तरी गणितानं भरून काढता येतो.

म्हणजे निरोगी ड्राइव्हही दिवसभर चुका करतच असतो. तो त्या निस्तरतो आणि आपल्याला कळू देत नाही. ज्या रात्री निस्तरता येत नाहीत त्या रात्री ६ येतो. आपण जिला एरर म्हणतो ती फार उशिरा आलेली बातमी असते. खरी गोष्ट त्याआधी महिनाभर ड्राइव्ह स्वतःच ठेवतो त्या मोजण्यांच्या पानांवर साचत असते: किती वेळा पुन्हा लिहावं लागलं, किती वेळा दुरुस्त करून वाचावं लागलं. ती पानं कुणी उघडत नाही, कारण जॉबच्या पुढे हिरवी खूण असते.

मला तर त्या पानांच्याही आधी एक साधी गोष्ट बघायची सवय लागलीय, ती म्हणजे टेप कितीवर भरली. एलटीओ-६ वर २.५ टेराबाइट बसतात, कॉम्प्रेशन धरलं नाही तर. कॉम्प्रेस न होणारा तोच डेटा दर आठवड्याला लिहिताना टेप हळूहळू लवकर भरायला लागली, तर समजावं की पुन्हा-पुन्हा लिहिण्यात फीत वाया जातेय. एरर एकही नाही, पण कुणीतरी आतून धापा टाकतंय.

तर, त्या पहिल्या सहाचं मी काय केलं? सोपं होतं ते केलं. टेप बाहेर काढली, ‘खराब’ लिहिलं, नवी घातली. जॉब चालला. मी खूश. तीन आठवड्यांत अशा सात टेपा बाद केल्या. आठवीच्या वेळी काकांनी माझ्या हातातून ती टेप घेतली. आमचे वरिष्ठ, त्यांना सगळे काकाच म्हणत. त्यांनी टेबलावर एक जाडजूड वही टाकली आणि विचारलं, “या सातही जणी कुठे गेल्या होत्या गं?”

“म्हणजे?”

“शेवटच्या कोणत्या ड्राइव्हमध्ये?”

मला माहीत नव्हतं. मी टेपांची नावं लिहिली होती, ड्राइव्हचा नंबर एकदाही लिहिला नव्हता. लायब्ररीत, म्हणजे टेपा आणि ड्राइव्ह एकत्र असलेल्या आमच्या यंत्र-कपाटात, चार ड्राइव्ह. रोबोट जिला उचलून ज्यात घालेल त्यात. लॉग उपसून काढला तेव्हा सातपैकी सहा जणी दोन नंबरच्या ड्राइव्हमध्ये अडल्या होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही एकामागून एक सहा संन्याशांना. सातवी खरंच खराब होती, आणि मला आजही वाटतं की त्या एकीमुळेच माझा आत्मविश्वास वाढला.

काकांच्या वहीत चार रकाने होते. टेपचा बारकोड. कुठे लिहिली. कुठे अडली. आणि चौथा, जो मला तेव्हा निव्वळ चिकित्सकपणा वाटला होता: त्याच ड्राइव्हमध्ये तिच्याआधी कोणती टेप होती. एका ओळीवरून काहीच समजत नाही. वीस ओळी झाल्या की बोट आपोआप एका नावावर थांबतं. एकाच ड्राइव्हखाली वेगवेगळ्या टेपा दिसल्या तर ड्राइव्ह, एकच टेप वेगवेगळ्या ड्राइव्हखाली दिसली तर टेप. इतकं सोपं गणित, पण ते एका रात्रीत सुटत नाही आणि वरून फोन तर त्याच रात्री येतो.

पुढे कळलं, ही वही टेपसुद्धा स्वतः ठेवते. एलटीओ कार्ट्रिजच्या, म्हणजे फीत ज्यात असते त्या डबीच्या, कोपऱ्यात एक चिमुकली चिप असते. फितीला हातही न लावता ती रेडिओनं वाचता येते. त्या टेपला आजवर कितीदा चढवलं, किती वाचलं-लिहिलं, किती चुका झाल्या आणि शेवटच्या चार खेपा कोणत्या ड्राइव्हमध्ये झाल्या, त्यांच्या सीरियल नंबरांसकट, हे सगळं तिच्या पोटात असतं. सहा संन्याशी खिशात साक्ष घेऊनच फासावर गेले होते.

मग मी शहाणी झाले आणि दुसरी चूक केली.

एक टेप एक नंबरमध्ये अडली. आता मला अदलाबदल करून बघायची पद्धत ठाऊक होती: संशयित टेप दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला, दुसरी टेप संशयित ड्राइव्हमध्ये घाला, मग निवाडा करा. मी ती टेप दोनमध्ये घातली. तिथेही अडली. तरी खात्री करावी म्हणून तीनमध्ये घातली. तिथे ती तुटली. आतल्या रिळावर गुंडाळली गेली, दुसरं टोक कार्ट्रिजमध्ये. सकाळपर्यंत एक आणि दोन नंबरचे ड्राइव्ह चांगल्या टेपांवरही कुरकुरायला लागले होते, दोघांचाही डिस्प्ले साफसफाई मागत होता. काका आले, तीन नंबरच्या उघड्या तोंडाकडे बघून म्हणाले, “अगं, साथीचा रोगी हाताला धरून घरोघर फिरलीस की!”

पुस्तकात अदलाबदलीचा तक्ता छापलेला असतो, पण त्या तक्त्यातली प्रत्येक चाचणी कुणाला तरी धोक्यात घालते हे त्याच्या शेजारी ठळक छापलेलं मी पाहिलेलं नाही. चुरगळलेल्या कडेची टेप हेडवर कचरा सोडते, तो कचरा पुढच्या टेपला ओरखडतो, ती टेप तिसऱ्या ड्राइव्हला. म्हणून काकांचा चौथा रकाना. आणि म्हणून क्रमही ठरलेला: संशयित टेप आधी डोळ्यांनी बघायची. मग संशयित ड्राइव्हमध्ये कोरी, ज्यात कुणाचंच काही नाही अशी टेप घालायची. शेवटी, अगदीच गरज असेल तर, संशयित टेप दुसऱ्या ड्राइव्हमध्ये. एकदाच.

डोळ्यांनी बघायची म्हणजे काय, ते त्यांनी मला खिडकीपाशी उभं करून दाखवलं. कार्ट्रिज आधी कानाशी धरून हलकं हलवायचं. आत काही खुळखुळलं तर पुढचे प्रश्नच मिटले. मग कोपऱ्यातलं छोटं दार अंगठ्यानं सरकवायचं. आत अर्ध्या काडीएवढी धातूची पिन दिसते, फितीचं टोक तिला बांधलेलं. ड्राइव्ह हिलाच धरून फीत ओढून नेतो. ती पिन दोन्ही टोकांना आपल्या खाचेत सरळ बसलेली हवी. टेप कुणाच्या हातातून पडली असेल तर एक टोक निसटतं आणि पिन तिरकी होते. बाहेरून कार्ट्रिजवर ओरखडाही नसतो. त्यातून आत गुंडाळलेल्या फितीची कड दिसते तेवढी बघायची. चांगल्या टेपची कड काळ्या काचेसारखी सपाट, एकसंध चमकते. त्या तुटलेल्या टेपच्या कडेवर तीन-चार वेटोळी इतरांपेक्षा वर आली होती, विस्कटलेल्या वहीतून पानं डोकवावीत तशी. दहा सेकंदांचं काम होतं. मी ते केलं असतं तर तीन ड्राइव्ह वाचले असते. टेप पडली होती का, हे विचारल्यावर कुणीच काही बोललं नाही. कुणी बोलतही नाही. पडलेल्या टेपा या जगात नसतातच.

साफसफाईबद्दल थोडं, कारण याबाबत माझं मत जरा कडक आहे. क्लिनिंग टेप हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध समजलं जातं. एरर आली की घाला क्लिनिंग टेप. ती ओल्या फडक्यासारखी नसते, ती खरवडते. एक टेप साधारण ५० वेळा चालते आणि दर वेळी हेडचंही थोडं आयुष्य नेते. ड्राइव्हनं मागितली तर जरूर द्यावी. पण मागणी आठवड्यात दोनदा यायला लागली, तर साफ करत बसण्याऐवजी घाण करणारी शोधावी. चौथा रकाना बघावा. मागणीच्या आधी दर वेळी एकच बारकोड दिसला की काम झालं.

आता जी गोष्ट सांगते ती याआधीची आहे, माझ्या पहिल्या नोकरीतली, आणि ती मला अजून स्वप्नात येते म्हटलं तरी चालेल. तिथे डीडीएस-३ या जुन्या जातीचा एकुलता एक ड्राइव्ह होता. चार मिलिमीटरची चिमुकली फीत, एका टेपवर १२ जीबी. या ड्राइव्हमध्ये हेड स्थिर नसतं, ते एका फिरत्या ड्रमवर बसवलेलं असतं आणि फितीवर तिरके पट्टे ओढत जातं. रोज रात्री बॅकअप व्हायचा, रोज पडताळणी व्हायची, रोज हिरवी खूण. वर्षानुवर्षं एकही एरर नाही. मग तो ड्राइव्ह म्हातारा होऊन मेला. त्याच मॉडेलचा दुसरा आणला. कपाटातली पहिली टेप घातली. वाचता येत नाही. दुसरी. नाही. सगळं कपाट झालं. एकही नाही.

आधी सगळ्यांनी नव्या ड्राइव्हला दोष दिला. मग कपाटाला, दमटपणाला. प्रत्यक्षात जुन्या ड्राइव्हची फितीची वाट कधीतरी केसभर सरकली होती. तेव्हापासून तो वाकडं लिहीत होता आणि स्वतःचं वाकडं स्वतः बिनचूक वाचत होता. लिहिणारा तोच, तपासणारा तोच. त्याची भाषा त्याच्याशिवाय कुणालाच येत नव्हती आणि तो मेला होता. शेवटी नव्याचं सर्किट काढून जुन्याच्या सांगाड्यावर बसवलं आणि तो वाकडा ड्राइव्ह काही रात्रींपुरता उठला. बरंचसं निघालं. सगळं नाही.

तेव्हापासून, ज्या ड्राइव्हनं लिहिलं त्यानंच तपासलं तर त्या तपासणीला मी अर्धेच गुण देते. महिन्यातून एकदा एका ड्राइव्हची टेप दुसऱ्यात वाचून बघते. निरोगी टेप, निरोगी ड्राइव्ह. काही बिघडलेलं नसतानाच. अदलाबदलीची चाचणी करायची तर ती खरं म्हणजे तेव्हाच करायची असते.

एलटीओनं हे दुखणं पुष्कळ कमी केलं. टेप कारखान्यातून येतानाच तिच्यावर पाच सर्व्हो पट्टे लिहिलेले असतात, मजकुराचे चार पट्टे त्यांच्या मधे. वहीवर आधीच छापलेल्या रेघांसारखं. हेड त्या रेघा बघत बघत स्वतःला सावरतं, त्यामुळे प्रत्येक ड्राइव्हचं अक्षर वेगळं वळण घेत नाही. पण या रेघा ड्राइव्हला पुन्हा मारता येत नाहीत. एका ठिकाणी कुणीतरी मोठ्या सद्हेतूनं जुन्या टेपा वापरण्याआधी ‘शुद्ध’ करून घेतल्या, म्हणजे डीगॉसरच्या चुंबकातून काढल्या. पेटीभर टेपा. मजकूर गेला आणि रेघाही गेल्या. प्रत्येक टेपला प्रत्येक ड्राइव्हमध्ये एरर. माझी वही उलटसुलट केली तरी उलगडा होईना, कारण तिच्यात ‘सगळ्याच वाकड्या’ असा रकाना नव्हता.

बाकी आरोपीही असतात. केबल जरा जास्त वाकली की एरर टेपच्या नावावर पडते. सर्व्हर पुरेशा वेगानं डेटा देईना, तर ड्राइव्हला थांबून, मागे जाऊन, पुन्हा धाव घ्यावी लागते. बूट पुसणाऱ्याच्या फडक्यासारखी फीत पुढे-मागे होत राहते, म्हणून त्याला शू-शायनिंगच म्हणतात. खोलीत शिरल्यावर आवाजावरूनच ते कळतं. सलग सुंऽऽ ऐवजी सुं-खट्-सुं-खट्. टेप झिजते, हेड झिजतं, आणि गुन्हेगार शांतपणे दुसऱ्या रॅकमध्ये बसलेला असतो. थंड गोदामातून आलेली टेप तडक ड्राइव्हमध्ये घातली तर तीही रुसते, तिला एक दिवस खोलीची हवा लागू द्यावी. एलटीओ-९ मध्ये तर नवीकोरी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह आधी तिची मापं घेत बसतो, कधी कधी दोन तासांपर्यंत. ८९६० ट्रॅक बसवायचे म्हटल्यावर फितीचं किंचित आकसणं-फुगणंही परवडत नाही. हे ठाऊक नसलेला माणूस तासाभरानं ड्राइव्ह बिघडला म्हणून वीज बंद करतो. मी असा एक फोन घेतलाय. अर्ध्या तासानं त्याच माणसाचा दुसराही.

कुणी विचारतं, अजून टेप वापरता? मी २०११ चा फेब्रुवारी सांगते. सॉफ्टवेअरमधल्या चुकीनं जीमेलच्या काही खात्यांतली पत्रं दिसेनाशी झाली होती, गूगलच्या सांगण्यानुसार ०.०२ टक्के खातेदारांची. ऑनलाइन असलेल्या अनेक प्रतींना तीच चूक बाधली होती. पत्रं परत आणली ती टेपवरून.

आणि मला स्वतःला आठवतो तो चंद्र. नासाच्या लूनर ऑर्बिटर यानांनी १९६६ आणि १९६७ मध्ये पाठवलेली चंद्राची चित्रं मोठमोठ्या रिळांवर साठवली होती. रिळं जपली गेली. ती वाचणारे अँपेक्स एफआर-९०० जातीचे ड्राइव्ह मात्र जगातून जवळजवळ संपले होते. जे चार उरले ते वर्षानुवर्षं एका गॅरेजमध्ये पडून होते. पुढे काही हट्टी माणसांनी एका बंद पडलेल्या खाण्याच्या दुकानात ते मांडून दुरुस्त केले आणि २००८ च्या नोव्हेंबरात त्यातून पहिलं चित्र निघालं: २३ ऑगस्ट १९६६ ला चंद्रापासून घेतलेली, चंद्रकोरीसारखी उगवती पृथ्वी. अंगण शाबूत होतं. नाचणारा मिळेपर्यंत बेचाळीस वर्षं गेली. मला ते वाचताना आमचं डीडीएसचं कपाट दिसत होतं.

गेल्या महिन्यात पुन्हा ६ आला. तीन नंबरमध्ये. काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, वही आता स्प्रेडशीट झालीय, रकाने तेच. टेप खिडकीपाशी नेली. खुळखुळ नाही, पिन सरळ, कड काचेसारखी. चिपवर काही वावगं नाही. ड्राइव्हमध्ये कोरी टेप घालून पूर्ण भरली, एकही तक्रार नाही. केबल बदलून बघितली. शेवटी ती टेप एक नंबरमध्ये एकदा वाचली, पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत. स्वच्छ. तिच्याआधी त्या ड्राइव्हमध्ये जी होती तीही बघितली. तीही स्वच्छ.

सोबतचा नवा मुलगा म्हणाला, “ताई, मग नक्की काय होतं?”

टेपवर ‘संशयित’ची चिठ्ठी चिकटवून ती वेगळ्या खणात ठेवली. तीन नंबर चालू आहे. ओळ लिहिली, निष्कर्षाचा रकाना मोकळा सोडला, आणि त्याला सांगितलं की रोज सकाळी आल्यावर आधी तीनचे आकडे बघत जा.